निळ्या पडद्याची गादी आणि तीनदा ठेविलेली सुरी

॥ श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. चुलीस नमन, पाण्यास नमन, आणि भुकेल्या मनुष्यास दोन वेळा नमन, कारण तो नसता तर पहिली दोन्ही रिकामी बसती. ॥

"इराश्शाईमासे!" ही आरोळी शके १९२९, सर्वजित् नाम संवत्सरी, ज्येष्ठ महिन्यात, दिवस डोईवर येता येता भामाबाई शेलार यांचे कानी पहिल्याने पडली, आणि बाई दारावरच्या निळ्या पडद्यात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा थिजून उभ्या राहिल्या. बाईंस वाटले, आपणांस चोर म्हटले. परंतु पाहतात तो ओरडणारा गृहस्थ ओरडता ओरडता कमरेत वाकलेला. मग बाईंनी मनात विचार केला की, शिवी देणारा वाकत नाही आणि वाकणारा शिवी देत नाही, तेव्हा हे प्रकरण काही निराळे आहे, आणि पदर खोचून म्हणाल्या, "भांडी घासायला मानूस पायजे म्हनून ऐकलं." गृहस्थ पुन्हा वाकले. बाईही वाकल्या. गृहस्थ आणखी वाकले. बाईंची कंबर तेव्हा तरणी होती, त्याही आणखी वाकल्या. ऐसे चार वेळा होऊन चाकरी मुक्रर जाहली. आरोळीचा अर्थ 'यावे, बसावे' इतकाच, हे बाईंस आठ दिवसांनी कळले. तोवर गिऱ्हाईक आत शिरले की बाईंस त्याची कीव येई.

आता त्या राज्याचा विस्तार. नदीकाठच्या एका पेठेत, छत्र्या दुरुस्त करणाराचे दुकान आणि दातांचा दवाखाना यांचे मध्ये, सहा उंच स्टुले आणि तीन टेबले एवढाच मुलूख. पूर्वेस चूल, पश्चिमेस दारावरचा अर्धा पडदा, निळा, त्यावर पांढऱ्या लाटा. तोच या राज्याचा जरीपटका. गादीवर मोरिता नामे जपानदेशीचे गृहस्थ. हे मोटारींच्या कारखान्यात यंत्रे शिकवावयास म्हणोन या देशी आले, आणि यंत्रास कितीही शिकविले तरी ते जेवून तृप्त होत नाही हे ध्यानी येताच चाकरी सोडोन भात शिजवू लागले. पेठेने त्यांस मोरितराव केले. मोरितरावांस मराठी भाषा भामाबाईंनी शिकविली, चुलीपुढे, कांदे कापता कापता; त्यामुळे हे गृहस्थ ओसाका शहरी जन्मोन बोलत मात्र बाईंचे माहेरच्या वाडीचे. नवे गिऱ्हाईक अदबीने इंग्रजीत काही पुसे आणि मोरितराव उत्तर करीत, "आवो, बसा की निवांत. सुरमई लई ताजी हाय." मग गिऱ्हाईक स्टुलावरून पडता पडता वाचे.

भामाबाईंनी भाषेबरोबर रीतही शिकविली. चाकरीचे पहिल्याच आठवड्यात मोरितरावांनी मासे चिरावयाची लांब सुरी बाईंचे हाती द्यावयास पुढे केली, आणि बाई दोन पावले मागे सरल्या. "हातात नगा देऊ, मालक. सुरी, मीठ आन् मिरची हातात दिली की भांडान हुतं. खाली ठेवा, मी उचलते." मोरितरावांस हे बहुत पसंत पडले. त्या दिवसापासोन ते सुरी फळीवर ठेवीत आणि बाई उचलीत, दिवसातून चाळीस वेळा, ऐसी सतरा वर्षे गेली आणि दोघांमध्ये एक भांडण जाहले नाही. ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पुढचा सगळा अनर्थ या न जाहलेल्या भांडणातून निपजला.

भांडी घासता घासता बाई भात शिकल्या, भातावरून मासा शिकल्या, आणि माशावरून मिसोचा रस्सा, की जो आंबवलेल्या सोयाबीनचा करितात आणि या राज्याचा प्राण म्हणावा असा पदार्थ. पुढे मोरितरावांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा रस्सा सर्वस्वी बाईंकडे आला. रोज सकाळी मोरितराव पळीभर रस्सा घेत, डोळे मिटीत, आणि म्हणत, "हं." बस. बरा म्हणावा तर तेही नाही, वाईट म्हणावा तर तेही नाही. दहा वर्षे तेच एक "हं". बाई तांदूळ धुताना पुटपुटत,

निळ्या गं पडद्यामागं । मुका माझा भातराजा
गोड शब्द देईना गं । भात देतो ताजा ताजा ॥

आणि मोरितरावांस ओवी कळे, कारण भाषा त्यांस बाईंनीच शिकविली होती; परंतु ते म्हणत, "हं. चाल चांगली हाय."

या दरबारी मानकरी पुष्कळ, परंतु थोरला एकच. अच्युतराव खासनीस, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, तिसऱ्या स्टुलाचे वतनदार. दर गुरुवारी बाराच्या ठोक्यास येत आणि मोरितरावांचे मराठी सुधारीत. "मोरितराव, 'लई' नव्हे, 'फार'." "फार लई बरं, खासनीसराव." ऐसा नित्याचा संवाद. या खासनीसांपुढे मोरितरावांनी, बाई चाकरीस यावयाचे आधी, पहिल्याच दिवशी नात्तो नामे पदार्थ ठेविला होता. सोयाबीन आंबवून त्यास तार सुटू देतात. त्याचा वास वर्णन करावा तर पावसात भिजलेले मोजे आठवावे. खासनीसांचे घरची शिस्त ऐसी की, पानात टाकणे नाही. त्यांणी देवाचे नाव घेऊन वाटी संपविली. मोरितरावांचे घरची शिस्त ऐसी की, पाहुण्याची वाटी रिकामी दिसली म्हणजे त्यास आणखी हवे. त्यांणी भरली. खासनीसांनी संपविली. त्यांणी भरली. तीन वाट्या होऊन खासनीसांचे डोळ्यांस पाणी आले, आणि मोरितरावांनी मनात नोंद केली की, या गृहस्थास मायदेशीचा पदार्थ इतका आवडला की गहिवरले. तेव्हापासोन दर गुरुवारी खासनीसांस खास नात्तो, न सांगता, प्रेमाने. अठरा वर्षे खासनीस शेजारच्या ताटातील कोळंबीच्या कुरकुरीत तळणाकडे, ज्यास तेंपुरा म्हणतात, परदेशी गेलेल्या लेकाकडे पाहावे तसे पाहत आणि नात्तो खात. पदार्थ करिताना भामाबाई नाकाला पदर बांधीत. परंतु मानकऱ्याची आवड म्हटल्यावर कोण काय बोलणार.

मग शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर लागले. आषाढात मोरितरावांचे गुडघ्यांनी चाकरी सोडिली आणि जपानाहून लेकीचा फोन आला की, बाबा, आता या. मोरितरावांनी दोन दिवस विचार केला आणि जावयाचे ठरविले. पेठेत हाहाकार उडाला. छत्रीवाला म्हणाला, आता आमच्या गल्लीस वास कसला येणार. दातांचे डॉक्टर म्हणाले, मी आता दाढ काढलेल्या माणसास मऊ भाताकरिता कुठे धाडू. आणि भामाबाई तांदूळ धूत राहिल्या. रीत सात पाण्यांची. त्या दिवशी बाईंनी अकरा वेळा धुतले.

सात पाण्यांनी तांदूळ । निवळले की गं बाई
मनातली एक गोष्ट । तेवढी निवळत नाही ॥

ती गोष्ट कोणती हे सांगणे प्राप्त आहे. बाईंस गादी हवी होती. चूल हवी, फळी हवी, पडदा हवा, पहाटे बर्फातून येणारी सुरमई आपल्या नावाने उतरवावयास हवी. परंतु बाईंचे माहेरची रीत ऐसी की, मागू नये. मागितले तर समोरच्यास होय म्हणावयाचे संकट पडते. आणि पुन्हा मनात येई की, भांडी घासायला आलेली बाई, आणि म्हणायचे काय, तुमचे राज्य द्या?

इकडे मोरितरावांचे मनात दुसरा वारस नव्हताच. परंतु ओसाका शहरी तरुणपणी ज्यांजपाशी ते मासा चिरावयास शिकले त्या उस्तादांची रीत ऐसी की, विचारू नये. विचारले तर समोरच्यास नाही म्हणावयाचे संकट पडते. उस्तादांनी त्यांस ही कला दिली तेव्हा एक शब्द बोलिला नव्हता. आपली सुरी शागिर्दापुढे ठेविली, शागिर्दाने ती उचलोन आपले कमरेच्या कापडात खोवली, आणि जाहले राज्यारोहण. तीच सुरी मोरितरावांनी खंडेनवमीचे दिवशी, सकाळी स्नान करोन, बाईंपुढे फळीवर ठेविली आणि हात जोडोन उभे राहिले. भामाबाईंस गहिवरून आले की, पाहा, मालकास आपला सण किती ध्यानात; आणि त्यांणी सुरीस हळद वाहिली, कुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेविले, मालकास कपाळी टिळा लाविला, आणि दुसरे दिवशी सुरी धुवून पुसून होती त्या खाचेत परत ठेविली. मोरितरावांनी टिळ्यासकट हा एक नकार मोजला.

दुसरी खेप दिवाळीचे पाडव्यास. या वेळी चूक नको म्हणोन त्यांणी सुरी नव्या निळ्या कापडात, ज्या ताग्यातून दारावरचा पडदा बेतला त्याच ताग्यातील सव्वा हाताच्या तुकड्यात, गुंडाळून बाईंपुढे ठेविली. पाडव्याचे दिवशी पुढे आलेले नवे कापड म्हणजे दिवाळीचा खण, दुसरे काय? बाईंनी खण डोईस लाविला, सुरी बाहेर काढोन खाचेत ठेविली, आणि खण शिंप्याकडे टाकिला. आठ दिवसांनी बाई लाटांची निळी चोळी घालोन कामावर आल्या. मोरितरावांनी ती पाहिली आणि मनास लावून घेतले की, बाईंनी कापड ठेविले आणि राज्य परत केले.

तिसरी खेप कार्तिकात. सुरीची मूठ बाईंकडे, पाते आपल्याकडे, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी मोरितराव भुईपर्यंत वाकले. बाई घाबरोन म्हणाल्या, "काय पडलं, मालक?" आणि आपणही खाली वाकोन टेबलाखाली शोधू लागल्या. दोघे टेबलाखाली समोरासमोर आले. "गावलं का?" बाईंनी पुसले. मोरितराव म्हणाले, "न्हाई गावलं." आणि उठोन, भिंतीस धरोन, आत गेले.

मग मोरितरावांनी निश्चय केला की, तीन वेळा नाही आली, आता चौथ्याने गांजू नये. चौकातील मोठ्या उपाहारगृहाचे अधिपती पुंडलिकशेट चौगुले यांणी गादी मागितलीच होती. शेट मनुष्य मोकळा, गडगडाटी हसणारा, कपटाचा लेश नाही. परंतु त्यांचे बेत ऐकोन मानकरी कानांवर हात ठेवीत. सुशीवर चीज, भातावर शेजवान, पडद्याचे जागी काचेचे दार, आणि भिंतीवर हत्तीएवढा टीव्ही. "आणि भामाबाई कुठं जात नाहीत," शेट सर्वांस सांगत, "त्यांना मी युनिफॉर्म देणार!" बाई ऐकत आणि भांडी घाशीत. भांड्यांस इतकी चकाकी त्या राज्यात कधी आली नव्हती.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार, दोन प्रहरी निरोपाचा दरबार भरला. सहा स्टुले, तीन टेबले, आणि उरलेले गल्लीत उभे. भामाबाई निळी चोळी घालोन चुलीपाशी. खासनीस तिसऱ्या स्टुलावर, डोळ्यांस रुमाल. शेट हार घेऊन आले, मोरितरावांचे गळा घातला, आणि लगोलग खिशातून टेप काढोन टीव्हीकरिता भिंत मापू लागले. तेव्हा मोरितराव आतून एक मोठा वाडगा घेऊन आले, झाकण काढिले, आणि पहिली रांग मागे सरली. नात्तो. त्यांणी तो खासनीसांपुढे ठेविला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "शेट, माजी एकच अट हाय. खासनीसरावांना दर गुरवारी नात्तो. कदी चुकायचं न्हाई."

"दर गुरुवारी?" शेट गरजले. "रोज! आमची माणसं घरी पोचवतील. खासनीसकाका, सकाळ-संध्याकाळ! आजन्म!"

खासनीसांचे डोळ्यांवरचा रुमाल खाली आला. त्यांणी वाडग्याकडे पाहिले, शेटकडे पाहिले, आणि आजन्म हा शब्द केवढा लांब आहे याचा मनाशी अंदाज घेतला. मग उठोन उभे राहिले. अठरा वर्षांत ते जेवणाचे मध्ये कधी उठले नव्हते.

"मोरितराव," ते म्हणाले, "क्षमा करा. मला नात्तो आवडत नाही."

गल्लीतील लोक आत डोकावले.

"कधीच आवडला नाही. पहिल्या घासापासून नाही. मला तो... मला तो लई वंगाळ लागतो!"

अच्युतराव खासनीसांचे तोंडून 'लई' आणि 'वंगाळ' एका श्वासात निघाले, यावरून प्रसंग कळावा. मोरितराव हार घातलेले तसेच उभे. त्यांचा चेहरा हलला, ओठ हलले, आणि मग पोटातून काही वर येऊ लागले, आणि लोकांस वाटले आता रडणार, आणि मोरितराव हसले. ऐसे हसले की, हारातील शेवंती गळोन वाडग्यात पडली. "आवो खासनीसराव! मी वसाका शहरचा! आमच्या घरात ह्ये कुनी तोंडात घालीत न्हाई! माज्या म्हाताऱ्याला वासानं शिंका यायच्या! मी नाक दाबून करायचो, का तर तुमाला आवडतं!"

"आन् मी नाकाला पदर बांधून ढवळायची!" भामाबाई चुलीपासोन ओरडल्या.

मग काय सांगावे. छत्रीवाला भिंतीस टेकोन खाली बसला. डॉक्टरांची कवळी पाहावयास मिळाली, जी आजवर कोणास ठाऊक नव्हती. खासनीस आणि मोरितराव एकमेकांचे खांद्यावर डोके ठेवोन हिंदकळू लागले आणि खासनीस म्हणत, "मला तेंपुरा हवा होता हो! अठरा वर्षं!" आणि भामाबाई हसता हसता कढईत कोळंबी सोडीत, आणि त्यांचे मनात एकाएकी आले की, अरे, इतक्या वर्षांची कोंडलेली गोष्ट बोलली तर आभाळ पडत नाही. नुसती शेवंती पडते.

हसू ओसरले. मोरितरावांनी डोळे पुसले, सुरी काढिली, आणि फळीवर शेटपुढे ठेविली. "घ्या, शेट. तुमची." आणि जरा थांबोन, कोणासच न बोलल्यासारखे बोलले, "भामाबाईंपुढं तीनदा ठिवली. त्यांनी घेतली न्हाई. त्यांची मर्जी."

भामाबाईंचे हातातील झारा कढईत पडला. "माज्यापुढं? कवा?"

"खंडेनवमीला."

"आवो, तिची म्या पूजा केली!"

"पाडव्याला. कापडात बांदून."

"त्यो खन नव्हता?" बाईंनी आपल्या चोळीकडे पाहिले, मग दारावरच्या पडद्याकडे पाहिले, आणि अवघ्या दरबाराने चोळीकडून पडद्याकडे आणि पडद्याकडून चोळीकडे मान फिरविली. लाट तीच, निळा तोच. "अगं आई गं! म्हंजे मी महिनाभर राज्य अंगात घालून फिरतीया?"

"आन् कार्तिकात मी वाकलो."

"मला वाटलं तुमचं बटन पडलं!"

शेटांचा हात सुरीवर जात होता तो अधांतरी राहिला. ते एकदा बाईंकडे, एकदा मालकाकडे पाहत. भामाबाईंनी पदराने हात पुसले, पुन्हा पुसले, कोरडे हात तिसऱ्यांदा पुसले. सात पाणी, अकरा पाणी, सतरा वर्षांचे पाणी, सर्व निवळले. आणि मग बाई बोलल्या.

"मला पायजे, मालक. चूल पायजे, पडदा पायजे, सगळं पायजे. पयल्यापासनं पायजे हुतं."

मोरितरावांनी सुरी फळीवरून उचलली. पाते आपल्या मुठीत धरले, मूठ पुढे केली, थेट बाईंचे हाताकडे.

बाई दचकल्या. "हातात नगा देऊ! भांडान हुईल!"

"हू द्या," मोरितराव म्हणाले. "येवढ्या लांब चाललोय. भांडायला तरी फोन कराल."

भामाबाईंनी सुरी हातात घेतली. हातातून हातात. पेठेच्या स्मृतीत ऐसे प्रथमच घडले, आणि गल्लीतून ऐशी आरोळी उठली की, दातांच्या दवाखान्यात भूल दिलेला मनुष्य जागा जाहला.

आता शेवटचा सारांश. पुंडलिकशेटांनी टेप खिशात टाकिला आणि गडगडाटी हसोन म्हणाले, "बरं, मग आता मी गिऱ्हाईक! काय आहे खायला?" समोर वाडगा होताच. शेटांचे घरीही पानात टाकणे नाही, हे कोणास ठाऊक होते? त्यांणी मिशीस तारा लागलेल्या अवस्थेत वाडगा संपविला आणि सभ्यपणे म्हणाले, "छान आहे." भामाबाईंनी रिकामा वाडगा पाहिला आणि भरला. तेव्हापासोन दर गुरुवारी शेटांस नात्तो, आणि तिसऱ्या स्टुलावर खासनीसांस तेंपुरा. पडदा तोच. टीव्ही नाही. मोरितराव सुखरूप आपल्या लेकीकडे पोचले. आरोळी आता भामाबाई देतात. त्यांचे वाडीच्या हेलात 'इराश्शाईमासे' ऐकोन नवे गिऱ्हाईक उंबऱ्यात थिजते, हेही पूर्ववत.

आणि भांडण फाल्गुनात जाहले. मोरितरावांचा फोन आला. "खासनीसराव म्हनत हुते, तुमी रश्शात कोकम घालता."

"घालते."

"मिसोत कोकम? कवापासनं?"

"धा वरसं झाली. तुमाला कळू दिलं न्हाई." बाई सुरी फळीवर ठेवोन कंबर कसून उभ्या राहिल्या. "काय म्हननं हाय?"

मग मोरितराव म्हणाले, "ठाव हुतं. पयल्याच दिवशी कळलं. माज्या रश्शापरीस तुमचा चांगला हुतो, भामाबाई. धा वरसं झाली. बोललो न्हाई."

भामाबाईंनी पळीभर रस्सा घेतला, डोळे मिटले, सावकाश गिळला, आणि फोनात इतकेच बोलल्या.

"हं."